शंभर टक्के गावातल्या दोन सह्या

“मॅडम, फक्त शेवटच्या पानावर सही करा. गाडी खाली थांबलीय,” ऑफिसातले साहेब म्हणाले आणि टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं.

रेवा, ईशान, निवृत्तीनंतर आजी काय करते असं तुम्ही फोनवर विचारता. हे करते. आयुष्यभर कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवलं, म्हणून इथल्या एका ऑफिसने मला प्रौढांच्या शिक्षणाच्या सर्वेक्षणावर सुपरवायझर नेमलं. प्रगणक घरोघरी जाऊन फॉर्म भरतो. मी त्यातले काही फॉर्म उचलते, त्या घरी जाते आणि लिहिलेलं खरं आहे का ते बघते. याला पडताळणी म्हणतात. ती झाली की माझी सही आणि मग रिपोर्ट वर जातो.

समोर दौलताबादच्या पलीकडच्या एका लहान गावाचा रिपोर्ट होता. त्यात गावातले सगळे प्रौढ साक्षर होते. एकही अपवाद नाही. इतका स्वच्छ कॉलम मी विद्यार्थ्यांनी कॉपी केलेल्या जर्नलमध्येच पाहिला होता.

“पडताळणी राहिलीय,” मी म्हणाले.

“सोमवारी गावाचा सत्कार आहे, मॅडम. कमानीवर बोर्डसुद्धा लागला.”

“मग उद्या सकाळीच जाते.”

बोर्ड खरंच लागला होता. पिवळ्यावर लाल अक्षरं, ‘शंभर टक्के साक्षर गाव’. त्याच्याखालून मी समाजमंदिरात गेले. तिथे दुपारी बायकांचा साक्षरता वर्ग भरायचा. आता दाराला कुलूप होतं आणि पायरीवर दोन बायका बसल्या होत्या. गयाबाई थोरली, मुक्ताबाई धाकटी, एकमेकींच्या जावा. दोघी किल्ल्याखाली सीताफळं विकतात.

“वर्ग बंद केला म्हनं,” गयाबाई म्हणाली. “गाव शिकून झालं म्हनं.”

“तुम्ही शिकलात?”

“कशाचं. बाराखडीबी पुरी झाली नाय.”

मी तिचा फॉर्म काढला. ‘साक्षर’ असं लिहिलं होतं. पुढच्या रकान्यात पुरावा: महिला सभेच्या रजिस्टरवर सही. कसं झालं ते दोघींनीच सांगितलं. प्रगणक म्हणून आलेले गुरुजी पारावर बसले, पुरुषांना विचारलं, तुमच्या घरच्या बाईला सही येते का, आणि येते म्हटलं की झालं. घरात कुणी पाऊल टाकलं नाही. बाईला कुणी विचारलं नाही.

“दस्कत येतं की मला,” गयाबाई जरा अभिमानानेच म्हणाली आणि माझं पेन घेतलं. रांगोळी काढावी तशी एकेक रेघ जपून काढत तिने सही केली. मी वाचली. ‘मुक्ता’, असं लिहिलं होतं.

मी मुक्ताबाईकडे पेन दिलं. तिने तितक्याच निगुतीने ‘गया’ काढलं.

विचारत गेले तसं उलगडलं. चार वर्षांपूर्वी अंगणवाडीच्या ताईंनी दोघींना गिरवायला आपापल्या नावाची एकेक चिठ्ठी दिली होती. दोघींनी त्या एकाच आरशामागे खोचल्या आणि सकाळी हाताला येईल ती घेतली. तेव्हापासून दोघी एकमेकींच्या नावाने सही करत होत्या. दर सभेला रजिस्टर फिरत होतं, त्याखाली ग्रामसेवकांची सही होत होती, आणि चार वर्षांत ते एकानेही वाचलं नव्हतं.

सांगितल्यावर मुक्ताबाई पोट धरून हसली. “आक्का, मंजी सभेत समदी भांडणं तुमी केली आन् हजेरी माझी लागली व्हय?”

गयाबाई हसली नाही. तिने कनवटीचा मोबाईल काढला. “माझी लेक पुन्याला दिली. ती यात लिव्हती. पुतन्या वाचून दाखवतो, ओसरीवर, समद्यांम्होरं. येकदा तिनं सासूचं कायतरी लिव्हलं, ते गावभर झालं. तवापासून निस्तं ‘मी बरी आहे’ लिव्हती.” ती थांबली. “बरी हाय का नाय, मला कसं कळावं? त्यापायी वर्गाला येत होते, बाई.”

ऑफिसात गेल्यावर मी दोघींच्या सह्यांचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला.

“दोघी सभेला हजर होत्या ना?” ते म्हणाले. “मग नावं इकडची तिकडे झाली तर काय बिघडलं?”

“त्यांना वाचता येत नाही. म्हणून वर्ग हवा. तुम्ही तो बंद केलात.”

“साक्षर गावात वर्ग कसा चालवणार? नियमात बसत नाही.”

“हा रिपोर्ट तुम्ही वाचलात?”

“मी सही केलीय की त्यावर.”

असं उत्तर माणूस शांतपणे देतो, याचाच मला जास्त संताप आला. त्यांची एम.ए.ची पदवी मागच्या भिंतीवर फ्रेममध्ये. त्यांनी पुन्हा पुढे केलेलं पेन मी टोपण लावून परत दिलं आणि वेगळ्या कागदावर कारणं लिहिली. माझ्या सहीशिवाय फाईल पुढे जात नाही, एवढाच माझा अधिकार. तो मी वापरला. सत्कार झाला, शाल-श्रीफळही झालं. पण रिपोर्ट अडला आणि फेरपडताळणी करावी लागली. दुसऱ्या वेळी प्रत्येक बाईच्या हातात वर्तमानपत्र देऊन वाचायला सांगितलं, तेव्हा निम्म्याहून जास्त बायकांनी ते न वाचताच परत दिलं. वर्ग पुन्हा उघडला. पुढच्या कामाला मात्र मला बोलावलं नाही.

वर्ग सुरू होऊन काही महिने झाले, तेव्हा परवा मी आपली आपण त्या गावात गेले. गयाबाई मला सोडायला कमानीपर्यंत आली आणि मान वर करून एकेक अक्षर लावत बोर्ड वाचू लागली. मी थांबले.

“बाई, हे कवाचं हाय?”

“तुम्ही मुक्ता होतात तेव्हाचं.”

“लबाड लिव्हलंय की.” बोर्ड उतरवायला वरून मंजुरी लागते, असं ऑफिसचं म्हणणं आहे.

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. लेकीचा मेसेज होता. तिने तो हातभर लांब धरला, ओठ हलवत वाचला, मग पहिल्यापासून पुन्हा वाचला. काय लिहिलंय ते मला सांगितलं नाही. फोन कनवटीला लावून म्हणाली, “पुन्याची यष्टी किती वाजता असती?”

साक्षर कोणाला म्हणावं, हे फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं. माझी व्याख्या त्याहून लहान आहे: जिला आलेला निरोप दुसऱ्या कुणाला कळला नाही, ती.