दामले काकांचं झाकण

"वनिताताई, आजपासून बाबांचा डबा नको," फोनवर मीनाताई म्हणाल्या. मी तेव्हा तव्यावर पोळी टाकली होती आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर काल भाजीत मीठ जास्त पडलं की काय... मी तशीच आहे. गॅस बंद केला की परत जाऊन बघते, कुलूप लावलं की दोनदा ओढते, कुणी "जरा बोलायचंय" म्हटलं की आधी माझंच काय चुकलं ते शोधते. "काही चुकलं का जी?" मी विचारलं. "नाही हो... बाबा गेले. सकाळचा चहा घेतला आणि खुर्चीतच..." पोळी करपली. दामले काका असते तर म्हणाले असते, "कारण बरं आहे, म्हणून आजच्या दिवस करपलेली चालेल."

आम्ही गोंदियाकडचे. नवऱ्याला इकडे कंपनीत काम लागलं म्हणून पुण्यात, धायरीत आलो आणि मी डबे करायला लागले. माझी शाळा आठवीत सुटली. इथली मराठी ऐकून सुरुवातीला कळायचंच नाही, ही माणसं रागावलीत की अशीच बोलतात. काका आमच्या गल्लीतल्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. मीनाताई त्यांची मुलगी, खराडीला आयटीत नोकरी, रविवारी यायच्या. पहिल्याच आठवड्यात मी भीत भीत विचारलं, "भाजी आवडली ना जी?" काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "जी लावू नका, मी न्यायाधीश नाही. आणि आवडली नसती, तर तुम्हाला विचारायची वेळ आली नसती." घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, हा डबा काही टिकत नाही बापा. तो टिकला, पण एक दिवस झाकणाशिवाय परत आला.

"झाकण?" मी विचारलं.

"कामाला लागलंय. आत या, दाखवतो."

झालं होतं असं, की तळमजल्यावर भाड्याने राहणारी इंजिनिअरिंगची पोरं खोली सोडून गेली आणि जाताना एक खोकं कचऱ्यापाशी ठेवून गेली. त्यात छोट्या मोटारी, वायरी, एक रिमोट. कॉलेजांत लढाऊ रोबोंच्या स्पर्धा होतात, ही त्यांचीच उरलेली सामग्री. काकांनी खोकं उचलून वर आणलं. ते एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झाले होते. "जन्मभर दुसऱ्यांच्या यंत्रांची चित्रं काढली," ते म्हणाले, "माझं स्वतःचं एकही कधी हललं नाही." आता मात्र पोळ्यांच्या डब्याएवढं एक यंत्र त्यांच्या जेवणाच्या टेबलावर घुर्र घुर्र करत पुढे-मागे होत होतं. माझ्या झाकणाचे दोन तुकडे केले होते. अर्धं पुढे उतारासारखं, जमिनीला टेकलेलं, म्हणजे समोरच्याच्या खाली शिरून त्याला उचलायचं. उरलेलं अर्धं वर, आतल्या वायरी झाकायला. यंत्राचं नावही त्यांनी तेच ठेवलं... झाकण.

काकांचे हात थरथरायचे. बारीक स्क्रू त्यांच्याच्याने बसेनात, म्हणून मी बसवायला लागले. मग डबा द्यायला गेले की तासभर तिथेच. चाकं फरशीवर घसरत होती, तेव्हा मी माझ्या जुन्या हवाई चपलेचं रबर गोल कापून त्यांवर चढवलं. ती चाकं काकांना इतकी आवडली, की मीनाताई आल्या की आधी चपलेची गोष्ट सांगायचे. वजन स्पर्धेत ठरलेल्या मापाच्या वर जाऊ लागलं, की माझ्या स्वयंपाकाच्या काट्यावर यंत्र ठेवायचं आणि कुठे पत्रा कापायचा, कुठे भोक पाडून हलकं करायचं, यावर वाद. "अहो वनिताबाई"चं कधी "वनिता" झालं आणि "तुम्ही"चं "तू", ते कळलंही नाही. रिमोट माझ्याच हातात आला. काकांच्या स्वयंपाकघरात फरशीवर बटाटे मांडायचे आणि झाकणाने एकेक ढकलत फ्रीजपर्यंत न्यायचे. माझी बोटं घाबरून आधीच वळायची. "घाबर," काका म्हणायचे, "पण डोळे उघडे ठेवून घाबर."

एका रविवारी मीनाताईंनी मला जिन्यात थांबवलं. काकांचं हृदय थकलं होतं, डॉक्टर फार भरवसा देत नव्हते. "त्यांना दुसरं काही नकोय," त्या म्हणाल्या, "ते यंत्र एकदा नीट लढताना बघायचंय." त्या दिवसापासून रिमोट हातात घेतला, की ते वाक्य आठवायचं.

पहिली स्पर्धा एका कॉलेजच्या सभागृहात होती. बाहेरच्यांनाही भाग घेता यायचा. पण कॉलेजच्या फाटकातून आत जायचं म्हटल्यावर मी पिशवीत रिमोट आहे ना ते दोनदा बघितलं. टेबलापाशी बसलेल्या पोराने विचारलं, "मॅम, कॉलेज कोणतं?" मी काकांना पुढे केलं. काका म्हणाले, "लिहा, धायरी." पोराने लिहिलंही. दुसऱ्याने विचारलं, "आजोबा, तुमच्या बॉटला वेपन काय आहे?" "वेपन कशाला?" काका म्हणाले. "पुण्यात कट मारायला वेपन लागतं का?" सगळी पोरं हसली, माझीही भीती थोडी उतरली. मग झाकण त्या काचेसारख्या भिंतींच्या रिंगणात उतरलं, जरासं पुढे गेलं... आणि उजवं चाक अडकलं. एका जागी गरगर फिरायला लागलं. समोरच्याने सावकाश येऊन कोपऱ्यात ढकललं. संपलं.

रिक्षात मी रडले. माझाच एखादा स्क्रू सुटला असणार, आणि आता काकांना परत हे बघायला मिळेल की नाही... घरी येऊन चाक काढलं, तर आसाला गच्च गुंडाळलेला काळा दोरा. जाडसर, लहान पोरांच्या कमरेला बांधतात तसला. दृष्ट लागू नये म्हणून आम्ही सगळ्याला बांधतो, नव्या गाडीला, दुभत्या गायीला. पण हा मी बांधला नव्हता. मी काकांकडे बघितलं. ते पंख्याकडे बघत होते.

"काका, हा तुम्ही बांधलात?"

"मी असलं काही मानत नाही."

"मग?"

"तू मानतेस," ते म्हणाले. "सकाळपासून तुझे हात कापत होते. माझे कापतात ते पुरेत, म्हटलं."

मला हसू यायला लागलं आणि थांबेचना. काकाही हसले, खोकला येईपर्यंत. "ड्रॉइंग ऑफिसात इतकी वर्षं काढली," ते म्हणाले, "आणि फिरत्या आसाशेजारी दोरा बांधला. हे मीनाला सांगायचं नाही." मी तेव्हा सांगितलं नाही. आता सांगितलं, तर त्या डोळे पुसत हसल्या.

पुढच्या स्पर्धेपर्यंत आम्ही झाकण पार बदललं. चाकांच्या बाजूंना पत्रा लावला, म्हणजे काही आत शिरायला नको. उतार घासून घासून असा केला, की त्याच्याखाली कागदही सरकू नये. काका आता जिना चढता-उतरताना दर वळणावर थांबायचे, पण आले. समोरच्या यंत्राला गरगर फिरणारं पातं होतं. ते झाकणावर आदळलं, ठिणग्या उडाल्या, मी ओरडलेसुद्धा, पण डोळे उघडे ठेवून. झाकण त्याच्या खाली शिरलं, ढकलत भिंतीपर्यंत घेऊन गेलं आणि ते उलटं पडलं, चाकं वर. पंचांनी आकडे मोजले, ते काही उठलं नाही. पोरं ओरडत होती, "झाकण! झाकण!" मी वळून बघितलं. काका टाळ्या वाजवत नव्हते. खुर्चीत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते, आणि ते हात त्या वेळी अजिबात थरथरत नव्हते... किंवा मला तसं वाटलं.

पुढची लढत आम्ही हरलो. उतार वाकला, एक चाक निखळलं. काकांना त्याचं काही नव्हतं. रिक्षात यंत्र टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. "आज डब्यात गोड काय?" त्यांनी विचारलं. "मेथीची भाजी आहे जी." "बरं. जिंकल्यावर मेथी खाल्ली, असं सांगता येईल." त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी मीनाताईंचा तो फोन आला.

काकांचे दिवस झाल्यावर त्यांनी झाकणासकट ते खोकं मला दिलं. "हे तुमचंच आहे," म्हणाल्या. मी नको नको म्हणत घेतलं. झाकण आता आमच्या घरी पिठाच्या डब्याशेजारी असतं. पुढची स्पर्धा जवळ आली आहे, कॉलेजात नाव लिहून घेणाऱ्या त्याच पोराने फोन करून विचारलं, "मॅम, धायरी येणार ना?" मी हो म्हटलं आणि मग दिवसभर रिमोटची बटणं तपासत राहिले.

काल दुपारी वाकलेला उतार सरळ करायला घेतला, म्हणून काका गेल्यावर पहिल्यांदाच वरचं अर्धं झाकण पूर्ण उघडलं. आत बॅटरीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे काहीच फिरत नाही, झाकण टेकतं त्या एका बारीक खांबाला काळा दोरा बांधलेला होता. टोकं बारीक कापलेली, गाठीवर गोंदाचा थेंब, सुटू नये म्हणून. थरथरत्या हातांनी बांधलेली ती गाठ जरा वाकडीच होती.

मी तिला हात लावला नाही. झाकण बसवलं, स्क्रू आवळले, आणि परत एकदा बघितलं.