पंधरा जर्सी

शनिवारी सकाळी मालाकी गेला. डिंप्नानं नवऱ्याचे डोळे मिटले, पांघरूण सारखं केलं आणि घड्याळाकडे पाहिलं. सामना दुपारी होता.

"डॉक्टरांना फोन करते," नणंद बर्नी म्हणाली.

"थांब. सामना संपू दे."

बर्नीच्या हातातली जपमाळ थांबली. "वेड लागलंय का तुला?"

"त्यानं वचन घेतलंय माझ्याकडून."

वचन गुरुवारचं होतं. कोराकीन गावच्या सतरा वर्षांखालच्या पोरांची आयरिश फुटबॉलच्या उपांत्य फेरीत शेजारच्या ड्रमलॉनशी गाठ होती. पहिला सामना हरून, मग रडतखडत एकेका गुणानं जिंकत पोरं इथवर आली होती. आणि ऐन वेळी संघाचा कणा, ओरान, घोटा सुजवून बसला. आठवडाभरानं खेळेल, असं डॉक्टर म्हणाला होता.

आणि क्लबातलं माणूस गेलं की सामना आठवडाभर पुढे जातो, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. समोरचा संघही हरकत घेत नाही, उलट अंत्ययात्रेला येतो. मालाकीनं तर क्लबाच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारण्यात अर्धं आयुष्य घातलेलं, आणि आता तो अंथरुणावर शेवटचे दिवस मोजत होता. त्यामुळे त्या आठवड्यात त्याची चौकशी करणारे जरा जास्तच झाले.

प्रशिक्षक एन्डा रोज यायचा. "आज कसं वाटतंय, मालाकी?"

"घाई आहे का तुला?" मालाकी पडल्या पडल्या विचारायचा. "शुक्रवारी गेलो तर चालेल?"

"काहीतरीच काय बोलता!" एन्डा कानापर्यंत लाल व्हायचा. पण चहा संपला तरी उठायचा नाही.

मालाकीचा जन्म दगडाच्या खाणीत गेला. सबब सांगून त्यानं कधी खाडा केला नाही. गुरुवारी तो डिंप्नाला म्हणाला, "पोरांनी या शनिवारसाठी घाम गाळलाय. मढ्याआड लपायला शिकवू नका त्यांना. मी आधी गेलो, तर शेवटची शिट्टी होईपर्यंत ब्र काढू नकोस."

घामाची पारख त्याला होती. संघाच्या जर्सी धुवायचं काम वर्षानुवर्षं डिंप्नाकडे होतं, पण यंत्रात टाकण्याआधी मालाकी मागच्या पडवीत स्टुलावर बसून एकेक पिळून बघायचा. पावसाचा सामना तेवढा सोडून. काखेत कोरडी लागली की बाजूला फेकायचा. "सात नंबर. हा पाहुणा म्हणून गेला होता." पुढच्या सरावाला त्या पोराला ते ऐकावं लागायचं.

मैदानाच्या फाटकात एन्डा उभाच होता. "कसे आहेत?"

"शांत पडलाय," डिंप्ना म्हणाली. खोटं नव्हतं. एन्डानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिला वाटलं, कळलं याला. पण तेवढ्यात त्याला कोणीतरी हाक मारली.

ती क्लबाच्या चहाच्या खिडकीत पावाला लोणी लावायला गेली. ओरान कुबड्या घेऊन कठड्याशी उभा होता. त्याच्या जागी, आठ नंबरला, पॉरिक होता. हंगामभर बाकावर बसलेला लुकडा पोरगा.

मध्यंतराला कोराकीन पाच गुणांनी मागे होतं. एन्डा चहाच्या खिडकीशी आला. "आमची पोरं बघा! त्यापेक्षा मालाकी बरे. आठवडाभर मरणाशी झुंजतायत, पण मागे हटत नाहीत."

डिंप्नानं किटली खाली ठेवली. अजूनही वेळ होती. आता सांगितलं तरी पंच सामना थांबवेल. पोरं वाचतील. तिनं कप भरला आणि पुढे सरकवला.

उत्तरार्धात पोरं पेटली. एकेक करून चेंडू गोलाच्या आडव्या दांडीवरून जाऊ लागले. प्रत्येकाचा एक गुण. पॉरिक पडत होता, उठत होता, पुन्हा पळत होता. शेवटी एकाच गुणाचा फरक उरला. चेंडू पॉरिकच्याच हाती आला. त्यानं मारला. तो उंच गेला, वळला आणि खांबाच्या बाहेरून निघून गेला.

शिट्टी वाजली.

कपडे बदलायच्या खोलीत पोरं बूट सोडत होती. डिंप्ना जर्सी गोळा करत होती, एन्डा पिशवीत कोंबत होता. "एक आठवडा मिळाला असता ना..." तो बोलून गेला आणि ओशाळला. "माफ करा. तसं नव्हतं म्हणायचं."

"तो सकाळीच गेला, एन्डा."

एन्डाच्या हातातली जर्सी खाली पडली. "सकाळी? म्हणजे फाटकात मी विचारलं तेव्हा..."

"हो."

"एक शब्द बोलायचा होता, डिंप्ना! एक शब्द! ओरान खेळला असता..."

सगळी पोरं बघत होती. टॉवेलात तोंड खुपसून रडणाऱ्या पॉरिकनंही मान वर केली होती. एन्डानं त्याच्याकडे पाहिलं आणि वाक्य गिळलं. मग बाकावर बसला.

"त्यांनीच बजावलं होतं?"

"दुसरं कोण बजावणार?"

एन्डानं पडलेली जर्सी उचलली, पिशवीत घातली आणि पिशवी खांद्यावर घेऊन तिच्या गाडीपर्यंत पोहोचवली.

घरी बर्नी दारातच होती. "आता तरी फोन करू?"

"कर."

डिंप्ना पडवीत गेली आणि मालाकीच्या स्टुलावर बसली. दिवसभर पावसाचा थेंब नव्हता. तिनं एकेक जर्सी पिळली, काख चाचपली. बाजूला फेकावी अशी एकही निघाली नाही. आठ नंबर पिळली तेव्हा पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

ती जर्सी तशीच हातात घेऊन डिंप्ना मालाकीच्या खोलीत गेली.

"पंधराच्या पंधरा ओल्या आहेत," ती म्हणाली.

मग परत येऊन तिनं यंत्र लावलं. जर्सी वाळायला हव्या होत्या. सोमवारी मालाकीच्या अंत्ययात्रेला त्या घालून पोरांना चर्चच्या रस्त्यावर दुतर्फा उभं राहायचं होतं.