हिला हळद सोसत नाही

"हळदीच्या चार दिवस आधी ये, आणि येताना तुझी ती लेपाची पिठं-तेलं घेऊन ये," असा जामनेरहून सुनीताताईचा फोन आला आणि मी नाशिकहून निघाले. सुनीताताई माझी मावसबहीण. लग्न तिच्या मुलीचं, प्रांजलचं. प्रांजलची कातडी माझ्यासारखीच, म्हणजे खाष्ट सासू! कशानं रुसेल, काही नेम नाही. सुगंधी क्रीम लावलं की गालावर गांधी, साबण बदलला की खाज. लहानपणी एका लग्नात करवली म्हणून मिरवताना हळदीनं तिचं तोंड सुजलं. तेव्हापासून घरात एकच पालुपद, ‘हिला हळद सोसत नाही.’ कुणाचीही हळद असो, पोर आपली दाराशी उभी. आता तिचीच हळद होती. "मावशी, फोटोपुरती नको गं. मला खरी हळद लावून घ्यायचीय," म्हणाली. आता सांगा, कशी नाही म्हणणार?

नाशिक ते धुळे एसटीनंच जा. बायकांना अर्धं तिकीट, आणि खिडकी मिळाली तर राणीचा थाट. धुळ्याला उतरून शेवभाजी खाल्ली. तिथं ‘कमी तिखट’ मागू नका, वेटर फार दयेनं बघतो. वाण्याकडे साधे ओट्स आणि घाण्याचं खोबरेल मागितलं, तर मी लगीनघरचं म्हटल्यावर त्यानं अर्धं दुकान पुढ्यात मांडलं, सगळं इथूनच घ्या म्हणून. "ताई, बठ्ठं आठेच ली ल्या. लगीनघरमा कोणले टाइम शे?" मी मात्र दोनच वस्तू घेतल्या. आपल्यासारख्यांच्या त्वचेला जितके जिन्नस कमी, तितकं सुख.

पुढे पारोळा, एरंडोल करत जळगाव, आणि तिथून दुसरी गाडी जामनेरची. हिवाळ्यात आलात तर भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ल्याशिवाय परतू नका. मी पोचले त्या संध्याकाळी तेच होतं. इतकं जेवले की हळदीचा विषय सकाळवर गेला.

सकाळी प्रांजलची आत्या, सगळे जिला अक्का म्हणतात ती, हळदीचा भरलेला डबा घेऊन आली. हळदीचं सगळं खातं अक्काकडे. मी ओट्स मिक्सरमधून मैद्यासारखे काढले, चाळले, त्यात चिमूटभर हळद, साधं पाणी आणि थेंबभर खोबरेल घातलं. गुलाबपाणी, लिंबू, बेसन काही नाही. "बेसन तं घाल, घरचं हाये," अक्का म्हणाली. मी म्हटलं, "अक्का, घरचं म्हणजे सौम्य असं नसतं. खाजकुयली परसातसुद्धा उगवते." मग तो लेप कोपराच्या आतल्या बाजूला जरासा लावला, प्रांजलच्या आणि माझ्याही. नवं काही लावायचं तर आधी असं थोडंसं लावून एक दिवस वाट बघायची, तोंडाला नंतर.

कसली वाट आणि कसलं काय! चहा गार व्हायच्या आत प्रांजलचा हात लाल झाला.

"पाह्य! म्हनलं ना मी, हिले हयद सोसत नाही," अक्का म्हणाली. सुनीताताईनं डोळ्याला पदर लावला.

पण आग माझ्याही हाताची होत होती, आणि मी तर आयुष्यभर हळद लावत आलेय. "अक्का, ही हळद नाही, हा ठेचा आहे!"

"तं काय व माय, हयद चढतेच थोडी. आम्हालेबी चुरचुरते."

"हळद कुटली कुठं?"

"कुठं म्हन्जे? गिरनीवर. आधी मिरची, मंग मसाला, मंग हयद. घडी घडी कोन जाईन?"

बोलता बोलता अक्का थांबली आणि तिनं डब्याकडे पाहिलं. प्रत्येक लग्नाची हळद अशीच कुटली जायची, आणि चुरचुरलं की बायका कौतुकानं म्हणायच्या, हळद चढली! डॉक्टरांनी प्रांजलला सुगंधी वस्तू टाळायला सांगितल्या होत्या. हळदीचं कुणी विचारलंच नव्हतं. घरानं आपणच ठरवून टाकलं होतं.

मग आख्खं हळकुंड आणलं, धुतलं आणि देवघरातल्या सहाणेवर उगाळलं. पुन्हा तोच लेप, दुसऱ्या कोपरावर. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रांजल धावत आली. हात स्वच्छ, नुसता पिवळा. मला इतका आनंद झाला की मी तिचा हात धरून उगाचच हसत सुटले.

"अन् उष्टी हयद?" अक्कानं विचारलं, आणि आमचं हसू विरलं. हळद आधी नवरदेवाला लागते आणि त्याची उरलेली उष्टी हळद नवरीकडे येते. नवरदेवाचं, म्हणजे मयूरचं घर नरडाण्याला. तिकडची हळद कुठल्या गिरणीतून आली, कोण जाणे! "व्याह्यांना सांगायचं नाही हं. तुमची हळद चालत नाही म्हटलं की अपमान होईल," सुनीताताई म्हणाली. "गालाला लावल्यासारखं करू."

"म्हणजे पुन्हा मी दाराशीच!" प्रांजल म्हणाली आणि तिनं सरळ मयूरला फोन लावला. सगळं सांगितलं. फोन त्याच्या आईनं घेतला. आम्ही सगळ्यांनी फोनला कान लावले.

"इतलंच ना, पोरी?" त्या म्हणाल्या. "माले बी दर लगीनमा आग व्हस. मी कोणले सांगू? मयूर उगाळी दी!"

हळदीच्या दिवशी नरडाण्याहून जीप आली, वाटीत उष्टी हळद. मयूरनं स्वतः उगाळलेली. त्यात अंगठा सोलवटला म्हणे, त्याच्या बहिणीनं फार तिखटमीठ लावून सांगितलं. पहिला मान आईचा. सुनीताताईनं बोटं हळदीत बुडवली, हात गालापर्यंत नेला आणि थांबली. तिला धीरच होईना. प्रांजलनं आईचा हात धरला आणि गालावर दाबून घेतला. वाजंत्री चालू होती, पण आम्ही सगळ्या तिच्या गालाकडे टक लावून. काही झालं नाही. मग काय, तिला दंडापासून पायापर्यंत माखलं! अक्का मागून म्हणाली, "आता माह्या डब्याचं काय करू?" मी म्हटलं, "भाजीत घाला, मिरची वाचेल."

घरी येऊन आठवडा झाला. अनेकींनी लेपाची कृती विचारली आहे, ती वर दिली आहेच. पण प्रांजलला सोसलं ते तुम्हाला सोसेलच असं नाही. आधी कोपराला लावा, आणि खरी ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारा. एवढं मात्र पक्कं पटलं, की एखादीला काय सोसत नाही हे परस्पर ठरवून टाकू नये.

काल प्रांजलचा नरडाण्याहून फोन आला. शेजारच्या मुलीची हळद होती, तीही उगाळलेलीच. नवी सून म्हणून हिला आग्रहानं पुढे बोलावलं.

"मावशी, सगळ्यात पुढे बसले मी," म्हणाली. "आणि माझे हात अजून पिवळे आहेत. दोनदा धुतले तरी रंग जात नाही."

"मग आता?"

"आता काय? तिसऱ्यांदा धुतच नाहीये."