आग लागली नव्हती

डॉक्टरांच्या बायकोनं तोंडाला काळा रंग फासला, आरशात पाहिलं आणि मला विचारलं, "काय गं, दिसते ना तुमच्यातली?"

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. कुवेतच्या एका दवाखान्यात मी नर्स होते. शुक्रवारी सुट्टी. अबू हलीफा भागात आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या फ्लॅटवर मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम चालायची. नाटक माझ्या गावचं. मराठवाड्यातलं. आमच्या माणसांनी मेलेली ढोरं ओढायला नाही म्हणलं, म्हणून गावानं आमची वस्ती पेटवली. माझी माय आत होती. हे मीच डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, डोळे पुसले. मला वाटलं, माणूस आपला आहे.

मायचं काम त्यांच्या बायकोला मिळालं. मला म्हणाले, "तुझी भाषा लोकांना झेपायची नाही. तू विंगेतून वाक्यं दे."

प्रयोगाच्या दिवशी हातात नवी पानं आली. शेवट बदललेला. आता वस्तीतल्याच एका दारुड्याच्या बिडीनं आग लागत होती. पाटील धावून येत होता, माणसं वाचवत होता.

"डॉक्टर, हे खोटं आहे."

"परदेशात आपली अब्रू कशाला काढायची? आणि इथं कुठं आहे जात?"

कुठं आहे जात! त्यांच्याच घरात होती.

शेवटच्या प्रवेशात डॉक्टरीणबाई वाक्य विसरून अडल्या. विंगेकडं बघू लागल्या. मी वाक्य द्यायचं होतं, 'बिडीनं घात केला.' तोंडातून निघेना. पानं खाली टाकली आणि स्टेजवर गेले.

"आग लागली न्हवती. लावली व्हती. दाराला भाईरून कडी घातली व्हती. आत माझी माय व्हती."

"पडदा! पडदा टाका!" डॉक्टर ओरडले.

दोरीवर रत्नागिरीचे कासमभाई होते. कुवेतच्याच राई भागातल्या गोदामात कामाला. दोरी धरून तसेच उभे राहिले. म्हणाले, "नर्सबाईंचं बोलणं होऊ दे."

मी बोलले. कडी घालणाऱ्यांची नावं घेतली. एकेक. कुणी टाळी वाजवली नाही.

पुढच्या शुक्रवारी डॉक्टरांच्या फ्लॅटवर मंडळाची बैठक. डॉक्टर म्हणाले, "माफी माग, नाहीतर मंडळ सोड."

"सोडते. नाटक घेऊन जाते."

टेबलावरची नाटकाची वही उचलली. रागारागानं जिना उतरले. तो राग मी विझू दिलेला नाही. आमचं मरण आता आम्हीच सांगणार. आमच्या बोलीत. मारणाऱ्यांची नावं घेऊन. ऐकवत नसेल त्यानं उठून जावं.