हातभर अरुंद पट्टा
कापलेल्या गवताचा वास आला की माझ्या डाव्या पायाची नडगी अजून ठणकते. आमच्या खाणीच्या कॉलनीत साहेबलोकांचं गोल्फचं मैदान होतं आणि गवत कापायची मशीन माझ्याकडे होती. एका सकाळी मोठ्या साहेबांचा वाकडा चेंडू सणसणत आला आणि माझ्या नडगीवर बसला. मी कळवळून खाली बसलो, तर साहेब म्हणाले, "मध्ये कशाला उभा राहतोस? चेंडू कुठं गेला ते बघ." लंगडत लंगडत तो शोधून दिला, पण त्या दिवसापासून खेळायचा पट्टा मी दर आठवड्याला दोन्ही काठांनी हातभर कमी कापू लागलो. साहेबांचा चेंडू सरळ कधी जातच नव्हता. आता तो गुडघाभर गवतात हरवायचा आणि मी मुद्दाम भलतीकडेच शोधायचो. "मैदान अरुंद का वाटतंय रे?" साहेबांनी एकदा विचारलं. "पावसाचं गवत होय साहेब, आयकूनच नाही राहिलं," मी म्हटलं. दिवाळीपर्यंत वैतागून त्यांनी खेळणं सोडलं. बाकीच्यांचीही मजा गेली, मैदान बंद पडलं आणि माझं कामही गेलं. आता मी कारध्याला, गावाकडं, दुसऱ्यांच्या शेतांच्या धुऱ्या-बांधांवरचं गवत कापतो. बायको म्हणते, "एका नडगीपायी नौकरी घालवली तुमी." घालवली. पण उद्या कोणी ती मशीन परत हातात दिली, तर पहिल्याच दिवशी पट्टा हातभर अरुंद कापीन.