मावशींचं चोपण वावर

आमच्या खाणावळीच्या मागच्या दारी कचऱ्याची बादली ठेवली, की खतासाठी कचरा न्यायला येणाऱ्या गावातल्या मावशी आधी तिच्यात कोपरापर्यंत हात घालायच्या. कांद्याची सालं, शिळी भाकरी बाजूला सारून तळ चाचपायच्या आणि गुटख्याची पुडी सापडली की माझ्या नाकापुढे धरायच्या.

"हे तू खाशील का?"

मी ओशाळून पुडी काढून घ्यायचो.

"मंग मातीला कशापायी वाढतो?"

आमच्या कोल्हारात, प्रवरेच्या काठी, त्यांच्या वाट्याला चोपण वावर आलं होतं. पाणी देऊन देऊन खारवलेलं, वर पांढरा थर, वाळलं की दगड. त्यांच्या मुलानं ठरवलं, माती वीटभट्टीला विकायची. मावशींनी त्याच्याकडून टोमॅटोचे दोन हंगाम मागून घेतले आणि गावभर कचरा मागत सुटल्या. लोक हसले. मीही हसलो, पण कचरा फुकटात जातोय म्हणून बादली रोज भरून ठेवली.

पहिल्या हंगामात घाई नडली. साखर कारखान्याची मळी, म्हणजे उसाच्या रसाचा गाळ, त्यांनी ताजीच आणून सरीत ओतली आणि वर रोपं लावली. मळी आतून तापली, रोपं करपून गेली.

"झालं समाधान?" मुलगा म्हणाला.

मावशी माझ्या ओट्यावर चहा पीत म्हणाल्या, "चुलीवरचं गरम गरम लेकराच्या तोंडात कोंबलं मी. भाजनारच की!" आणि खो खो हसल्या. अशा बाईला हरवायचं कसं, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या वेळी त्यांनी कडुनिंबाखाली ढीग लावला. माझा कचरा, शेण, मळी, पालापाचोळा, वर ओलं गोणपाट. वरखाली करत राहिल्या आणि आतून गार लागेपर्यंत रोपं आणली नाहीत. त्या हंगामात टोमॅटो असे लगडले की बांधलेल्या सुतळ्या तुटायला आल्या. टेम्पोत क्रेट मुलानंच भरले.

तरी भट्टीवाला माती मागायला अधूनमधून यायचाच. मावशी एकदा म्हणाल्या, "पोराला सांगून ठिवलंय, माझी राख वावरातच मिसळायची."

"मावशी, प्रवरा दारात असताना?"

"आरं, आईची राख पडल्यावर माती कोन इकंल?" त्यांनी डोळा मिचकावला.

मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मला त्यांची फार आठवण येते. मुलानं त्यांच्या शब्दाप्रमाणे राख वावरात मिसळली, मिसळताना लहान पोरासारखा रडला. पुढं काही दिवसांनी भट्टीवाला पुन्हा बांधावर आला.

मुलगा म्हणाला, "शेठ, आता तिथं आई हाय."

भट्टीवाल्यानं चपला काढल्या आणि बांधावरूनच वावराला हात जोडले.