मस्कतचे रामराम

त्या सकाळी मी चहा घेऊन छपरीत गेले तेव्हा हे, म्हणजे माझे यजमान, खुर्चीत ताठ बसले होते. माझ्याकडे बघत सावकाश अरबीत म्हणाले, "फी अमानिल्लाह." हे शब्द काही रोजचे नव्हते. मला एकच अरबी उत्तर येत होतं, तेच मी दिलं, "सबाहन नूर." हे उत्तर नव्हे, अशी त्यांनी मान हलवली. पुन्हा तेच म्हणाले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी चहा पुढे केला. संध्याकाळी हे गेले. दीड महिना होत आला, पण त्यांचं ते बघणं काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

नव्वदच्या दशकात हे मस्कतला एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होते. मी इथे पिपरी मेघेला, शाळेत मास्तरीण. सुट्टी संपली की वर्धा स्टेशनावर हे म्हणायचे, "येतो." मी म्हणायची, "या." आणि यायचे. बाकीचे लोक तिकडून टेप, ब्लँकेटं आणत, यांनी आणली अरबी भाषा. तिच्यावर जीव जडला होता त्यांचा. दोन हजार सालानंतर कायमचे परतले तेव्हा तर ती नुसती उतू जायची. रात्री गच्चीवर बोलत बसलो की म्हणायचे, "असं बसून बोलाले त्यांच्यात वेगळा शब्द हाय, 'समर'." राबणाऱ्या माणसाला द्यायची एक दुवा होती, ती मला पोळ्या लाटताना ऐकवायचे. मी म्हणायची, "दुवा राहू द्या, नळ आला, पाणी भरा." एकदा केस कापून आले आणि दारातच उभे राहिले. "तिकडे केस कापून आलं का 'नईमन' म्हणते. सुख लाभो म्हून. तू काऊन काही म्हणत नाई?" आता, आमच्याकडे न्हाव्याकडून आलेल्या माणसाला आधी न्हाणीघर दाखवतात! "कशाले शिवू नका, आंघोळ करा," एवढंच मी म्हटलं. हे हसले. "आपल्याले कोणी रामराम केला का आपण तेवढाच वापस करतो. ते वाढवून देते. 'सबाहल खैर', चांगली सकाळ म्हटलं, का 'सबाहन नूर', उजेडाची सकाळ."

मग यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि मराठीही गेली. माझं नाव, पाणी, दुखतंय, काही म्हणजे काही उरलं नाही. उरले ते हे मस्कतचे रामराम. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. मला मात्र त्या भाषेचा संताप यायचा. आयुष्यभर ज्या भाषेत भांडलो ती जावी आणि परक्या गोदामातली राहावी? रोज सकाळी "सबाहल खैर" म्हणून उत्तराची वाट बघायचे. मी रडत उठून जायची. एकदा चिडूनच म्हटलं, "सबाहन नूर." त्यांचा चेहरा असा उजळला की... त्या दिवसापासून आमचा संसार एवढ्या बोलण्यावर चालला. त्यापुढचं मी काही शिकले नाही. लागेल असं वाटलंच नाही.

परवा अल्लीपूरचे हमीदभाई भेटायला आले. मस्कतला दोघं एका खोलीत राहायचे. मी त्यांना त्या सकाळचं सांगितलं.

"वहिनी, ते जाणारा माणूस म्हणते. देवाच्या हवाली करून चाललो म्हून. मांगं राह्यणाऱ्यानं 'मअस्सलामा' म्हणायचं. सलामतीनं जा."

म्हणजे यांना कळलं होतं. निघायच्या आधी निरोप मागत होते, आणि मी त्यांना सकाळच देत बसले.

"अजूनबी म्हणता येते, वहिनी," हमीदभाई म्हणाले. मग माझ्याकडून तो शब्द घोकून घेतला. आता तो मला पाठ आहे.

खुर्ची अजून छपरीतच आहे. सकाळी चहा घेऊन मी तिच्यासमोर बसते. आज म्हणून टाकू असं रोज ठरवते. ते उत्तर अगदी ओठांवर येतं... आणि तोंडून निघतं ते स्टेशनावरचंच, "या."